पेशंट गप्प आहे

मला आजवर अपेंडिक्स झालंय, कावीळ झालीय, शिडीवरून पडून खुबा मोडलाय, आणि एकदा तर मी गरोदरही होतो. हसू नका. त्या दिवशी वर्गात सगळ्या प्रसूती वॉर्डातल्या होत्या आणि पेशंट मी एकटाच. बाईंनी फर्मान काढलं, "अहो, उशी घ्या पोटाशी आणि कण्हायला लागा." घेतली उशी. कण्हलो. न कण्हून सांगतो कुणाला!

बाई म्हणजे माझी बायको. सगळी गल्ली तिला बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. परदेशात नोकरीला जाऊ बघणाऱ्या नर्सना ती आमच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकवते. खोली केवढी, तर दहा खुर्च्या मांडल्या की अकराव्या माणसानं दारातून वाकून बघायचं. मी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. रिटायर झाल्यावर घरात बसून पंखा का कुरकुरतो, नळ का गळतो, दूध आज लवकर का तापलं, असल्या चौकश्या करायला लागलो. तेव्हा बाईंनी हात टेकले आणि म्हणाल्या, "माझं डोकं खाण्यापेक्षा माझ्या कामाला लागा. मला एक पेशंट पाहिजे."

कारण असं की या लोकांची तोंडी परीक्षा असते, आणि तिच्यात परीक्षकच पेशंट होऊन बसतो. नर्सनं त्याला इंग्रजीतून प्रश्न विचारायचे आणि त्याला काय होतंय ते काढून घ्यायचं. कधीपासून दुखतंय, काल काय खाल्लं, गोळी घेतली का. आता हे प्रश्न ही मंडळी आपल्या भाषेत दिवसातून शंभर वेळा विचारतात. सलाइन लावता लावता विचारतात, झोपेत विचारतील. पण इंग्रजीत विचारायला सांगा, की बोबडी वळलीच.

यात त्यांचा दोष नाही, असं माझं ठाम मत आहे. दोष इंग्रजीचा आहे. आपल्याकडं कसं, "गोळी घेतली," आणि पुढं एक "का" चिकटवला की झाला प्रश्न. "घेतली" जागची हलत नाही. इंग्रजीला एवढं सुटसुटीत चालत नाही. तिथं प्रश्न विचारायचा तर आधी एक मदतनीस पुढं उभा करायचा. सहायक क्रियापद म्हणतात त्याला. आणि मदतनीस आला की मूळ क्रियापदानं अवतार बदलायचा. आपली माणसं मदतनीस पुढं उभा करतात, पण अवतार बदलायला विसरतात. "डिड यू टुक?" म्हणतात. आणि परीक्षक पेन उचलतो.

हे बाई कसं शिकवतात ते तुम्ही एकदा बघायला पाहिजे. मी तिच्याशी गेली कित्येक वर्षं भांडतोय, अजूनही भांडतो, पण त्या एका तासाला मी तिला मनातून नमस्कार घातलाय. तिनं स्वयंपाकघरातून बटाट्यांची पिशवी आणली. एका मुलीला उभं केलं, म्हणाली, "तू टेक." मग पिशवी तिच्या हातात दिली. "हा भूतकाळ. जड आहे ना? आता तू टुक झालीस." मग दुसरीला बोलावलं. "तू डिड. जा, तिच्यापुढं उभी राहा आणि पिशवी घे." तिनं घेतली. "आता हिच्या हातात काय राहिलं?" पहिलीनं रिकामे हात दाखवले. "काहीच नाही, बाई." "मग ही कोण झाली?" सगळा वर्ग ओरडला, "टेक!" दोघींनी एकच पिशवी धरली की नुसती ओढाताण होते, हेही तिनं करून दाखवलं. पिशवी फाटली. बटाटे कॉटखाली गेले, ते मी गोळा केले. पण त्या दिवसापासून माझ्याही टाळक्यात ते पक्कं बसलं. डझ आला की क्रियापदाच्या शेपटातला "स" तो काढून घेतो. हॅव आला तर क्रियापदाला तिसरं रूप घालून यावं लागतं. मी सातवी पास माणूस, पण चुकीचा प्रश्न कानावर आला की माझी पापणी लवते.

तिथूनच निघाला आमच्या वर्गाचा कायदा. प्रश्न चुकला, की पेशंट मुका. मी रागवायचं नाही, मान हलवायची नाही, "चूक" म्हणायचं नाही. फक्त गप्प बसायचं, विचारणारीनं आपली चूक शोधून प्रश्न पुन्हा नीट विचारेपर्यंत. बाईंचं म्हणणं, "ओरडलं की माणूस घाबरतो. गप्प बसलं की विचार करतो." आणि खरंच, मी गप्प बसलो की समोरची मुलगी जरा घुटमळायची, मनातल्या मनात बटाट्याची पिशवी इकडून तिकडं करायची आणि बरोबर प्रश्न विचारायची. मग मी तोंड उघडायचो, आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडायचा की मलाच पास झाल्यासारखं वाटायचं.

एका मुलीला मात्र हा कायदा बाधला. तिला वर्गात सगळे धाकटी म्हणायचे, कारण तिच्या तोंडी सारखी तिची थोरली बहीण असायची. धाकटी स्वतः वॉर्डात मोठ्ठा अनुभव असलेली नर्स, हाताला इतकी हलकी की सुई टोचलेली कळत नाही. मला दर महिन्याला रक्त तपासायला तीच टोचते, म्हणून सांगतो. या दोघी बहिणी लहानपणीच ताटातूट झालेल्या. आई गेली तेव्हा थोरलीला मावशीनं नेलं आणि ही आजोळी वाढली. सुट्टीत भेटायच्या, नवे कपडे घालून, पाहुण्यांसारख्या. एका छपराखाली अशा राहिल्याच नाहीत कधी. आता थोरली परदेशातल्या एका हॉस्पिटलात नोकरीला होती, आणि तिनं खटपट करून तिथंच धाकटीसाठी जागा धरून ठेवली होती. अट एकच, ही परीक्षा. धाकटी दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा झाली, तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार आणि हिनं पुन्हा बसायचं ते वर्षभरानं.

आणि नापास कशानं, तर ऐका. तिला प्रश्न येत नव्हते असं नाही. तिचा पहिला प्रश्न नेहमी बरोबर असायचा! पण समोरचा माणूस क्षणभर जरी गप्प राहिला, तरी हिला वाटायचं, आपलंच चुकलं असणार. मग बरोबर प्रश्न मोडून ही चुकीचा करायची. परीक्षेत तो परीक्षक नुसता चष्मा पुसायला थांबला, तेवढ्यात हिनं "डिड यू ईट"चं "डिड यू एट" करून ठेवलं. काय म्हणावं याला! आजोळी वाढलेलं पोर, मामीच्या कपाळावरची आठी बघून पाय कुठं टाकायचा ते ठरवणारं. दुसऱ्याचं गप्प बसणं म्हणजे आपली चूक, हे तिच्या हाडात मुरलेलं.

परीक्षेला चार दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मी कावीळवाला होतो. धाकटीनं विचारलं, "डझ युअर स्टमक हर्ट?" अगदी बरोबर. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मला ठसका लागला. झालं! ठसका थांबेपर्यंत हिनं "हर्ट"चं "हर्ट्स" केलं. आता नियमानं मी मुका व्हायला हवं होतं. पण तिचे डोळे असे काही भरून आले होते, की माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "येस, येस, व्हेरी मच."

बाईंनी वर्गात काही म्हटलं नाही. रात्री जेवतानाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी घेऊन नाश्त्याला बसलो, तेव्हा तोंड उघडलं. मला साखरेचा आजार आहे, त्याची गोळी सकाळी नाश्त्याआधी घ्यायची असते.

"काल तुम्ही तिला उत्तर दिलंत."

"दिलं. रडायला आली होती पोरगी."

"तुमच्या या दयेपायी ती तिसऱ्यांदा नापास होईल. तिथं तिला कोण दया दाखवणार आहे? परीक्षक काय तिचा काका आहे?"

"मग मी काय दगड होऊन बसू?"

"हो. बसा दगड होऊन. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा पेशंट बघते."

दुसरा पेशंट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे आजार निमूटपणे काढले ते याचसाठी? ती आंघोळीला गेली, आणि मी समोरची बशी तशीच झाकून ओट्यावर ठेवून दिली. ब्रेड, अंडं, सगळं. म्हटलं, मला नको तुझा नाश्ता, आणि आज बघच दगड कसा असतो ते. साठी उलटलेला माणूस फुगून बसतो तेव्हा फार शहाणा दिसत नाही, हे मला कबूल आहे. पण राग आला होता, आला होता.

वर्ग सुरू झाला. त्या दिवशी माझा पाय मुरगळलेला होता. जिन्यावरून घसरलो होतो म्हणे. पहिला नंबर लागला तो ज्याला आम्ही एक्स्प्रेस म्हणतो त्याचा. हा ऑपरेशन थिएटरमधला मुलगा, बोलायला लागला की मधली स्टेशनं घेतच नाही. त्यानं धडाधड विचारलं, मी फटाफट उत्तरं दिली, एका ठिकाणी "डिड यू फेल" म्हणाला तिथं दगड झालो. त्यानं जीभ चावली, "फॉल" केलं, मी बोललो. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघून मान डोलावली. म्हणजे आज खूश. त्या चहाचं आधण ठेवायला आणि मिक्सर लावायला आत गेल्या.

मग धाकटी समोर येऊन बसली.

आता पुढचं काही मला आठवतं, काही नंतर लोकांनी सांगितलं. माझ्या ओठांना मुंग्या आल्या होत्या. पंखा फिरत होता तरी पाठ भिजली होती. मला वाटलं, उकडतंय. फळ्यावरची अक्षरं हलायला लागली होती, तर मला वाटलं चष्म्याला डाग पडलाय. माणूस स्वतःला काय काय समजावतो बघा.

धाकटीनं विचारलं, "डिड यू टेक एनी टॅब्लेट?"

बरोबर होता प्रश्न. मला उत्तर द्यायचं होतं. पण जीभ उचलेना. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकावी तसा शब्द घशात अडकून बसला. मी तिच्याकडं नुसता बघत राहिलो.

"काका आज कडक आहेत," मागून एक्स्प्रेस म्हणाला. दोघीतिघी हसल्या. हसणारच. मी गप्प बसणं म्हणजे या खोलीत रोजचंच होतं. आणि माझी मान कलली, हाताला कंप सुटला, तेही त्यांना नाटकच वाटलं. आमचं कण्हणं-कुथणं जरा भडकच असतं, हे माझं मीच सांगतो.

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "डिड यू... टुक एनी टॅब्लेट?"

मी आतून ओरडत होतो, अगं, आधीचं बरोबर होतं! आवाज नाही. तोंड नुसतं वासलेलं.

तिनं दुसरा प्रश्न घेतला. "डिड यू ईट समथिंग?"

गप्प.

आत मिक्सर घरघरत होता. बाईंना प्रश्न ऐकू येत नव्हते, पण माझा भसाडा आवाज मिक्सरवरही चढतो, तो आला नाही एवढं त्यांना बरोबर कळलं. त्या आतूनच ओरडल्या, "पेशंट गप्प आहे! म्हणजे चुकलंय काहीतरी. पुन्हा विचार!"

धाकटीनं डोळे मिटले. हे मात्र मला लख्ख आठवतं. तिनं मांडीवरचे दोन्ही हात उचलले, एका हातानं दुसऱ्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं केलं, आणि रिकामा हात स्वतःसमोर उघडा धरला. बराच वेळ ती त्या हाताकडं बघत होती. मग एकेक शब्द ठेवत तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. "डिड. यू. ईट."

गप्प.

"अगं, बदल ना!" आतून बाई. "किती वेळा सांगायचं? तो उगीच गप्प बसलेला नाहीये!"

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. धाकटी उभी राहिली होती.

"नाही बाई." एवढ्या मोठ्यानं ती कधीच बोलली नव्हती. "माझा प्रश्न बरोबर आहे. काकांना काहीतरी होतंय."

मिक्सर बंद झाला.

तोवर तिचा हात माझ्या मनगटावर आणि दुसरा कपाळावर होता. "घाम बघा, गार पडलेत. काका, सकाळची गोळी घेतलीत? पापणी मिटा, हो असेल तर." मी मिटली. "खाल्लंत?" मी मिटली नाही. "शुगर उतरलीय यांची. बाई, साखर! पाण्यात विरघळवून आणा, पळा! एक्स्प्रेस, काकांचं शुगर मोजायचं मशीन कपाटावर आहे, दे इकडं. बाकीच्या मागं व्हा, खिडकी उघडा." आणि बाई, ज्यांच्या एका भुवईवर ती खोली चालायची, त्या बाई तिच्या हुकमावर पळाल्या.

ओट्यावर साखरेचा डबा घेताना त्यांना ती झाकलेली बशी दिसली. झाकण उचललं तर नाश्ता जसाच्या तसा. एक्स्प्रेस सांगतो, बाईंच्या तोंडचं पाणी पळालं, हातातला चमचा खाली पडला, तो न उचलताच त्या दुसरा घेऊन आल्या.

धाकटीनं आधी थेंबभर पाणी जिभेवर ठेवून मला गिळता येतंय का ते पाहिलं. मग चमच्या-चमच्यानं साखरपाणी. एका हातानं मान धरलेली, गळ्याकडं बारीक लक्ष. घाई नाही, थरथर नाही. मशीनवरचा आकडा बघून एक्स्प्रेसनं "बापरे" म्हटलं तर तिनं त्याला नजरेनंच गप्प केलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. काल ठसक्याला घाबरणारी ती हीच का, असं वाटत होतं. हळूहळू फळ्यावरची अक्षरं जागेवर आली. ओठांच्या मुंग्या गेल्या. जीभ सुटली.

मी म्हटलं, "नो. आय डिड नॉट ईट."

सगळी खोली एकदम हसली आणि त्यातल्या निम्म्या रडत होत्या. बाई माझ्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या, मुरगळलेला तो पाय दोन्ही हातांनी धरून, आणि त्यांना काही केल्या तो सोडवेना.

"मुडद्या, उपाशी बसला होतास?" चारचौघांत तिनं मला अरेतुरे केलं ते त्या एकाच दिवशी. मग हुंदका आला. "आणि मी आत उभी राहून तिला म्हणतेय, बदल, बदल. इतकी वर्षं झाली आपल्याला. मी तुझ्याकडं बघायचं सोडून प्रश्नाकडं बघत बसले."

मला फार वाईट वाटलं. सकाळचा राग कुठल्या कुठं गेला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तो साखरपाण्यानं चिकट झालेला. तिच्या केसांना लागलं, तिनं पुसलंही नाही.

मग सगळ्यांचं लक्ष धाकटीकडं गेलं. माझं काम होईपर्यंत खांबासारखी उभी होती, आता कोपऱ्यातल्या खुर्चीत ओंजळीत तोंड खुपसून बसली होती. बाई उठल्या, पदरानं डोळे पुसले आणि तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, मी तुमच्यावर ओरडले," ती म्हणाली.

"ओरडलीस. बरं केलंस. आता मला एक सांग. मी आतून चूक म्हणतेय, हा समोर गप्प बसलाय, सगळे हसतायत. आणि तरी तू म्हणालीस प्रश्न बरोबर आहे. कशावरून म्हणालीस?"

धाकटीनं विचार केला. "बरोबर होता म्हणून."

"मग परीक्षेत तो बरोबर नसतो का?"

धाकटीनं मान वर करून बाईंकडं बघितलं. चहा उकळून आटून गेला होता, तो टाकून नवा केला, आणि मी ब्रेडचा तुकडा न् तुकडा संपवेपर्यंत दोघी माझ्या दोन्ही बाजूंना पोलिसासारख्या बसून राहिल्या. दुपारी डॉक्टरांकडं नेलं. तिथं शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

दुसऱ्या दिवसापासून कायदा बदलला. पेशंट गप्प राहिला की आधी पेशंटकडं बघायचं, मग आपल्या प्रश्नाकडं. बाईंनी तो फळ्यावर वरच्या बाजूला लिहिला आणि खाली सही केली. तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईनं सगळ्या वर्गासमोर आपला कायदा मोडून दुसरा केला. मी पाहिलंय म्हणून सांगतो, सोपं नसतं ते. मला तर अजूनही पंख्याबद्दलचं मत बदलता आलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आमच्या घरात कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाईंनी कणीक दोनदा मळली. मी सगळ्या खुर्च्यांचे खिळे ठोकून काढले. दुपार कलल्यावर धाकटी दारात आली, चपला न काढताच.

"काय झालं?" आम्ही दोघं एकदम.

"परीक्षक बाई होत्या. छातीत दुखतंय असा पेशंट झाल्या होत्या. मी विचारलं, व्हेन डिड द पेन स्टार्ट. त्या गप्पच."

"अरे देवा," मी म्हटलं.

"मी त्यांच्याकडं बघितलं. घाम नाही, ओठ ठीक, श्वास ठीक. म्हटलं, ही बाई ठणठणीत आहे आणि माझा प्रश्नही. पण तरी, काका, तुमचं झाल्यापासून मला राहवतच नाही. मी उठले, म्हटलं, मे आय चेक युअर पल्स, आणि त्यांचं मनगटच धरलं."

आमच्या बाई खुर्चीत बसल्या. "परीक्षकाचं?"

"हो. त्या अशा बघायला लागल्या माझ्याकडं! मी सगळे ठोके मोजले, हात खाली ठेवला आणि माझा प्रश्न परत विचारला. तोच. एक अक्षर हलवलं नाही. मग बोलायला लागल्या. शेवटपर्यंत बोलत होत्या."

बाई किती तरी वेळ हसत होत्या. मग तिला जवळ ओढून तिच्या कपाळावर त्यांनी ओठ टेकले. आमच्या घरात हा प्रकार फार होत नाही, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

ती पास झाली. चांगली पास झाली. महिनाअखेर गेलीसुद्धा, एवढीशी बॅग घेऊन. निघताना मला गोळ्यांचं वेळापत्रक बजावून गेली, ते ओट्यासमोर चिकटवलंय. मग बरेच दिवस नुसते छोटे छोटे निरोप येत होते. पोचले, थंडी आहे, ड्युटी सुरू झाली. बाई म्हणायच्या, "बरी आहे ना ही? दोघींचं जमतंय ना? एकमेकींना 'तुम्ही बसा, तुम्ही घ्या' करत नसतील ना?" तेवढी एकच काळजी त्यांना होती. सख्ख्या बहिणी, पण जन्मभर पाहुण्यांसारख्या वागलेल्या.

परवा सकाळी फोन आला. बाई सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकतात. धाकटीचा आवाज धापा टाकल्यासारखा येत होता.

"बाई, काल आम्ही दोघी भांडलो!"

"भांडलात?" बाईंचा हात छातीवर गेला. "कशावरून गं?"

"ओला टॉवेल! ती माझ्या गादीवर ओला टॉवेल टाकते. रोज! मी म्हटलं, तुला काही शिस्त आहे का. ती म्हणाली, तू गप्प बस, धाकटी आहेस. मी म्हटलं, नाही बसणार. दोघी इतक्या ओरडलो, बाई, शेजारचीनं दार वाजवलं. मग तिनं माझी उशी फेकली." ती हसत होती का रडत होती, फोनवर कळत नव्हतं. "आज सकाळी परत टॉवेल तिथंच!"

मागून कुणीतरी बाईमाणूस जोरात म्हणालं, "टाकणार, रोज टाकणार!"

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि तोंडभर हसू.

"भांडल्या," त्या म्हणाल्या. "अहो, भांडल्या त्या."

मी म्हटलं, "चहा टाक." आणि आम्ही दोघं बराच वेळ तिथंच बसून राहिलो.